सात नंबरची झीज

पोलाद पोलादावर घासलं की चकाकतं आणि चकाकी दिसली म्हणून घाबरायचं नसतं, हे दिनानाथराव चौबळ अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यातल्या पहारेकऱ्यांना दर महिन्याला नव्याने सांगत, आणि पहारेकरीही दर महिन्याला नव्याने ऐकल्यासारखं करत. बोल्टवरचा, म्हणजे गोळी आत सारणाऱ्या दांड्यावरचा काळा रंग उडाला, कडा उजळल्या, तर ते रायफलीचं निव्वळ वय झालं. काळजीची खूण वेगळी. डोळे मिटून अंगठ्याचं नख कडेवरून फिरवायचं. जिथे अडायला हवं तिथे ते घसरलं, किंवा घसरायला हवं तिथे अडलं, की रायफल बाजूला काढायची. लढाईच्या वर्षांत लष्कराच्या एका वर्कशॉपात त्यांनी हेच केलं होतं. दिवसाला दोनशे रायफली; बोल्ट मागे, बोल्ट पुढे, चाप, टक्. त्या नोकरीने पेन्शन दिली नाही, थकवा मात्र जन्मभर पुरेल इतका दिला. आता १९५४ साली, पन्नाशी उलटल्यावर, कारखान्याचं स्टोअर आणि पहाऱ्याच्या आठ रायफली सांभाळायच्या, संध्याकाळी बदलापूरला बेलवलीतल्या घरी यायचं आणि आडवं व्हायचं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा उरली होती.

सात नंबरची रायफल बुधाजीकडे असे. बुधाजी खरवई गावचा, भातशेती सांभाळून पहाऱ्याला येणारा सरळ माणूस. त्याची एकच खोड वाईट होती. उभं राहून कंटाळला की तो रायफल पायाशी टेकवायचा, नळीच्या तोंडावर दोन्ही हात ठेवायचा आणि हातांवर हनुवटी. दिनानाथराव रागावले की हसून म्हणायचा, रिकामीच तर आहे. आणि ती खरोखरच रिकामी असे. गोळ्या स्टोअरच्या पेटीत कुलपात असत.

श्रावणातल्या तपासणीत सात नंबरमध्ये नख घसरलं. चाप ओढेपर्यंत, गोळीवर आदळणाऱ्या आतल्या पिनेला अडवून धरणारा पोलादाचा एक लहानसा दात असतो. त्याची कड धारदार हवी, ती गोल झाली होती. पहारा बदलताना, रायफल रिकामी असल्याची खात्री म्हणून, दिवसातून दोन-तीनदा चाप ओढला जाई. तेवढ्याने एवढी झीज व्हायला माणसाचा जन्म अपुरा पडला असता. वर कळवलं तर बंदुकीशी खेळतो म्हणून बुधाजीची नोकरी जाणार हे उघड होतं, तेव्हा त्यांनी त्याला एकट्याला बोलावून विचारलं.

"सायेब, पोराबालांची आन," तो म्हणाला. "पहारा बदलताना सोडून मी चापाला बोट लावला नाय."

खोटं बोलणाऱ्याचं तोंड असं नसतं. दिनानाथरावांनी गुपचूप नवा दात बसवला. महिन्याने पाहिलं तर तोही गोल. मग तिसरा बसवून त्यांनी सेफ्टीचा खटका लावला, रायफल दुरुस्तीला म्हणून पेटीत बंद केली, किल्ली जानव्याला बांधली आणि आठ दिवसांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. खटका लावला होता तसाच होता. दात मात्र झिजला होता. त्यांना प्रथमच त्या यंत्राची भीती वाटली.

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. झोपूनही हल्ली थकवा जात नाही, एवढंच जेवताना म्हणाले.

"जाईल कसा?" त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई ताक वाढता वाढता म्हणाल्या. "झोपेत तुमचं बोट चालूच असतं की. आकडा करून ओढायचं, सोडायचं. लढाईपासून बघतेय मी. या पावसाळ्यात तर फारच वाढलंय."

दिनानाथरावांनी उजवी तर्जनी दिव्याकडे धरली. पहिल्या पेरावर जाड घट्टा होता. महिन्यातून आठ चाप ओढून घट्टा पडत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दिवाळीच्या तोंडावर जवळच्या एका गिरणीत दरोडा पडला आणि मॅनेजरांनी हुकूम काढला, की शुक्रवारपासून पहाऱ्यावरच्या रायफली भरलेल्या असाव्यात. सात नंबर वगळा, अशी दिनानाथरावांनी विनंती केली. मॅनेजर म्हणाले, कारण लिहून द्या. त्यांनी कागद घेतला, टाक दौतीत बुडवला आणि दात झिजला आहे इतकंच लिहिलं. पुढचं लिहिण्यासारखं नव्हतं. मॅनेजरांनी वाचून सांगितलं, मग दात बदला, तुमचंच काम आहे ते. सोमवारी मुंबईहून दुसरी रायफल येतेय, तोवर हीच चालवा. त्यांनी चौथा दात बसवला. नळीवर हनुवटी ठेवू नकोस, असं बुधाजीला अगदी हात धरून बजावलं. त्याने नेहमीसारखी मान डोलावली.

म्हणजे सोमवारपर्यंत जागं राहायचं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. शुक्रवारची रात्र येरझाऱ्या घालण्यात गेली, शनिवारची थंड पाणी तोंडावर मारण्यात. रविवारी दुपारी बाराला बुधाजी पहाऱ्यावर उभा राहणार होता. साडेअकरालाच त्यांनी धोतराच्या फाडलेल्या पट्टीने तर्जनी तळव्याशी घट्ट आवळून बांधली. ठणका लागला की झोप येणार नाही, असा त्यांचा कयास होता. जेवणही टाळलं. मग ओसरीवरच्या आरामखुर्चीत ते बसले, कारण पाय उभे राहू देईनात. डोळे मिटायचे नाहीत, नुसते क्षणभर टेकवायचे, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

जाग आली तेव्हा अंगणातलं ऊन निघून गेलं होतं. कैक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं अंग हलकं वाटत होतं, आणि त्या सुखात ते पळभर तसेच पडून राहिले. मग त्यांना हात दिसला. तर्जनी मोकळी होती. समोर कुमुदिनीबाई चहाचा कप ठेवून पट्टीची घडी घालत होत्या.

"बोट निळं पडलं होतं हो, म्हणून मीच सोडली," त्या म्हणाल्या. "आणि गंमत बघा, आज ते एकदाच हललं. एकदाच. मग किती शांत झोपलात."