ओठ तेवढे माझे

“येते हं. दिवा विझवू नका.”

चाळीस वर्षांपूर्वी परमुलखातल्या एका थिएटरात त्याने हे वाक्य ऐकलं. आपल्या भाषेतला सिनेमा लागला म्हणून घड्याळं दुरुस्त करणारा तो तरुण गेला होता. ओळीने तीन खेळ बघून बाहेर पडला. मग पत्रं, मग लग्न. नायिका तोंडावरचा रंग पुसून समुद्रापार त्याच्या घरी आली आणि शिवणाच्या दुकानात लोकांच्या विजारी आखूड करू लागली.

तो आवाज तिचा नव्हताच. तिचा गळा घोगरा. चित्रीकरणात ती ‘जाते हं’ म्हणाली होती. मागाहून आवाज भरायला आलेल्या मुलीच्या तोंडून सवयीने ‘येते’ निघालं. निघताना जाते म्हणायचं नाही, हे तिच्या जिभेतच मुरलेलं. दोन्ही शब्दांना ओठ जवळजवळ सारखेच हलतात. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

“नायिकाबाई, तसं म्हण ना एकदा,” लग्नानंतर पहिल्याच सकाळी तो म्हणाला. तिने श्वास चोरला, गळा सुईच्या नेढ्याएवढा केला आणि म्हटलं. मग रोज, कामावर निघताना, उंबऱ्यातून.

“भांडायला एक आवाज, निघायला एक!” तो हसायचा. तीही हसायची. सांगायचं राहून जायचं.

आता त्याला माणसं ओळखू येत नव्हती. उंबऱ्यातलं ‘येते हं’ तेवढं ओळखायचा. पण हिवाळ्यात तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तो बारीक सूर तुटला तो तुटलाच.

“वहिनी,” त्यांच्याकडेच राहणाऱ्या धाकट्या वन्सं म्हणाल्या, “दादा विचारत होता, ही शिंपीण आपल्याकडे किती दिवस राहणार?”

“मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, चिवट आहे. हलायची नाही.”

दोघी खूप हसल्या. वन्संनी बाहीने डोळे टिपले. “त्या सिनेमाच्या संवादांची टेप लावू या का? आवाज ऐकून तरी तुम्हाला ओळखेल.”

नको म्हणायला तिला कारण सुचेना.

टेप फिरली. येते हं. तो खुर्चीतून अर्धा उठला. “आलीस? किती वाट बघायची गं?” ती पुढे झाली, त्याचा हात धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला.

“बाई, जरा सरका. माझी बायको बोलतेय.”

तळवा त्याने टेपरेकॉर्डरवर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

टेप संपली. “कुठे गेली?” तो घाबराघुबरा झाला. “अहो बाई, कुठे गेली ती?”

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. आपल्या फाटक्या, घोगऱ्या, खऱ्या आवाजात म्हणाली, “अहो, ती मी नव्हते. कधीच नव्हते. ओठ तेवढे माझे.”

वन्संच्या हातातलं टेपचं झाकण तसंच राहिलं.

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग समजुतीने मान हलवली. “बरं. मग तिलाच बोलवा ना. नाव काय तिचं?”

“ठाऊक नाही,” ती म्हणाली. “मी कधी विचारलंच नाही.”