रेडिओ बंद करणाऱ्या सिस्टर

सिस्टरच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. कितीदा तरी लिहायला बसलो. प्रत्येक वेळी वाक्य पुस्तकी वाटलं आणि कागद फाडला.

मी भूल देणारा डॉक्टर. पेशंट झोपला, श्वासाची नळी बसली, तिच्याभोवतीचा चिमुकला फुगा भरला, की मी पेशंटच्या गळ्याशी कान नेत असे. हवा निसटत असली तर बारीक ‘सुस्स’ ऐकू येतं. पण थिएटरात रेडिओ चालू. ‘बंद करा’ म्हणायची माझी छाती होत नसे. मी नुसता हात वर करी.

“काय डॉक्टर, पेशंट कानात गुपित सांगतोय वाटतं?” सर्जन म्हणायचे.

“सांगू दे की!” सिस्टर खटकन रेडिओ बंद करायच्या. “तुमची सुरी काय पळून चाललीय?”

मी निवृत्त झाल्यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘नवे डॉक्टर यंत्राच्या आकड्यांवर विसंबतात. मी मात्र रेडिओ बंद करतेच. चालेल ना?’

परवा पित्ताशयातल्या खड्यांपायी मीच आमच्या जुन्या थिएटरातल्या टेबलावर आडवा झालो. सिस्टरही एव्हाना निवृत्त. रेडिओवर गाणं चालू होतं. भूल देणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. मी कोण, हे तिला सांगितलं नव्हतं. ‘कान लावाल ना?’ एवढंच विचारायचं होतं. तेवढंही राहून गेलं. डोळे मिटले तेव्हाही गाणं चालूच होतं.

जाग आली तेव्हा घसा खवखवत होता.

“आजोबा, घाबरवलंत हं!” मुलगी उशाशी उभी होती. “आकडे सगळे ठीक, पण कान लावला तर हवा निसटतेय. फुगाच फुटका, पोटातलं पित्त फुप्फुसात उतरलं असतं. नळी बदलली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.”

“रेडिओ...?”

“कान लावताना तो बंद करतोच. इथली रीतच आहे. जुन्या सिस्टरांनी लावलेली. कुणी एक डॉक्टर होते म्हणे, बोलायचेच नाहीत. नुसता हात वर करायचे.”

मी चादरीतून हात जरासा वर केला.

“पाणी आत्ता नाही हं, आजोबा. जरा दम धरा.”

घरी येऊन लिहिलं, ‘सिस्टर, चालेल म्हणजे काय! त्यामुळेच तर हे लिहायला उरलो. तुमचे उपकार.’ वाचून पाहिलं नाही. नाहीतर फाडलं असतं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीच्या फटीत पत्र धरलं. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. मी पेटीला कान लावला, पत्र सोडलं आणि ते तळाला टेकल्याचा आवाज येईतो तसाच वाकून उभा राहिलो.