लोकरीला चालतं

आमच्या घरात कुणी नाक मुरडून "कसला वास येऊन राहिलाय?" असं विचारलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मोरी तुंबलेली असो, माळ्यावर उंदीर मेलेला असो, नाहीतर नवऱ्याचे मोजे तीन दिवस सोफ्याखाली कुजत पडलेले असोत, नाव माझ्या लोकरीचं.

वास येतो, नाही असं नाही. मी चाकूरच्या शाळेत शिक्षिका आहे, लातूरहून रोज एसटीने जाऊन-येऊन करते. शाळेमागच्या माळावर गुंडप्पा धनगराची मेंढरं असतात. वर्षातून दोनदा तो ती कातरतो, आणि आता ती लोकर कुणी घेत नाही म्हणून बांधावर फेकून देतो. मी ती पोत्यात भरून घरी आणते. कंडक्टर मला बघितलं की तोंडाला रुमाल लावतो. लोकरीत लेंड्या असतात, गोखरूचे काटे असतात, मेंढीच्या अंगाचा तेलकट चिकटा असतो. मला त्याची कधी किळस आली नाही. किळस येते ती बेसिनच्या जाळीत फुगून बसलेल्या भाताची. तो भात घरात चार माणसं बघतात आणि बोटांनी उचलते मी एकटी. जेवण झाल्यावर काडीने दात कोरून ती काडी ताटातच ठेवणाऱ्या नवऱ्याचीही येते. त्या ताटाला हात लावताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, आणि लग्नाला चौदा वर्षं झालीत.

मी त्या लोकरीचा नमदा करते. त्यात विणायचं नाही, शिवायचं नाही. लोकर रिठ्याच्या पाण्यात धुवायची, वाळवायची, पिंजायची, मग एक थर आडवा, एक उभा असे पसरायचे. वरून गरम साबणाचं पाणी शिंपडून रगडायचं, प्लॅस्टिकच्या चटईत गुंडाळून लाटायचं, पुन्हा उलगडायचं, पुन्हा लाटायचं. हळूहळू केसात केस गुंततात आणि जाड कापडासारखा तुकडा तयार होतो. त्यावर दातेरी सुईने रंगीत लोकर टोचून टोचून मी चित्र काढते. मध्येच उठलं की पाणी गार होतं, थर सरकतो, सगळं पहिल्यापासून. आणि मध्येच उठवायला आमचं घर पटाईत आहे. त्यात नळाला पाणी आठव्या दिवशी. पिंप, घागरी, बादल्या भरून जे उरेल ते माझं. म्हणजे माझा एकच रविवार, तोही नळाच्या मर्जीवर.

"गोठ्यात ऱ्हायल्यागत वाटतंय," सासूबाई म्हणायच्या आणि पदर नाकाला लावायच्या. त्यांचं नाव केवळाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. लोकर स्वयंपाकघरात आणायची नाही, ही त्यांची सक्त ताकीद. म्हणून मी मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडापाशी बसून काम करायचे.

त्याच पडवीत, मी नवी सून होते तेव्हा, दर महिन्याला चार दिवस मला बसवत. खाली काळं घोंगडं. चादर नाही, सतरंजी नाही, कारण त्यांना विटाळ होतो. लोकरीला होत नाही. आत्या हे असं सांगायच्या की जणू मेंढीने येऊन त्यांच्या कानात सांगितलंय. ताट लांबून सरकवलं जायचं. दीर त्या बाजूने जाताना मान वळवायचा. मला त्या घोंगड्याच्या स्पर्शाची, त्या सरकत आलेल्या ताटाची, आणि गप्प बसणाऱ्या स्वतःची इतकी शिसारी यायची की ताट मी तसंच परत सरकवायचे. पुढे नोकरी लागली, चार दिवस घरी बसणं परवडेना, तेव्हा आत्यांनी तडजोड केली. देवघराला शिवू नकोस, एवढंच राहिलं. त्या दिवशी मी ते घोंगडं घंटागाडीत नेऊन टाकलं आणि गाडी वळेपर्यंत बघत उभी राहिले.

मंजुश्रीला, माझ्या मुलीला, हे काही होऊ द्यायचं नाही असं मी तेव्हाच ठरवलं होतं. ती आता बारा वर्षांची. तिला सगळं नीट समजावून सांगायचं, पॅड कसं वापरायचं ते दाखवायचं, हे या वर्षभरात मी किती वेळा मनात घेतलं असेल. पण ते सांगायला निवांत रविवार हवा, आणि रविवार लोकरीचा. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत म्हणत मी पाच महिने काढले.

कारण ते पाच महिने मी एका चित्रावर होते. माहेरच्या विहिरीवर बाभळीची फांदी वाकलेली होती आणि तिला सुगरणीचे तीन खोपे लोंबायचे. तेच चित्र, चार फूट बाय तीन फूट. विहीर काळ्या लोकरीची, खोपे तपकिरी, पाण्यावर पळसाच्या फुलांनी रंगवलेल्या लोकरीचा उन्हाचा पट्टा. नांदेडच्या एका महाविद्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन होतं आणि तिथल्या महामाया मॅडमनी फोन करून सांगितलं होतं, "उज्वलाताई, समोरची भिंत तुमच्यासाठी ठेवली आहे. रविवारी सकाळी दहापर्यंत घेऊन या." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी भिंत ठेवली होती. घरात मला एक खुंटीसुद्धा नव्हती.

शुक्रवारी शेवटचा खोपा टोचून झाला. चित्र पडवीतल्या बाजेवर पसरलं आणि शनिवारी सकाळच्या शाळेला गेले.

दुपारी एक वाजता परत आले. चप्पल काढली, पर्स टाकली आणि थेट पडवीत गेले. बाज रिकामी होती. चित्र खाली फरशीवर अंथरलेलं, आणि त्यावर भिंतीकडे तोंड करून मंजुश्री बसलेली. गुडघे पोटाशी. शेजारी तांब्या आणि झाकलेलं ताट. खोपे तिच्या पायाखाली होते आणि उन्हाच्या पट्ट्यावर तळहाताएवढा लाल डाग.

मला आधी डाग दिसला. हे मी लपवणार नाही. पोरगी नंतर दिसली.

"ऊठ! ऊठ आधी!" मी ओरडले. दंड धरून तिला ओढली आणि चित्र तिच्या खालून खेचून घेतलं. "काय घाण करून ठेवलीस ही! पाच महिन्यांचं काम आहे माझं!"

ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मागे दोन्ही हातांनी फ्रॉक घट्ट धरलेला. "आज्जीनं बसवलं," एवढंच म्हणाली.

आत्या आतून आल्या. मी तोंड सोडलं. माझ्या घरात माझ्या पोरीला कोपऱ्यात बसवायची हिंमत कशी झाली, एवढं चित्रच सापडलं का, जे जे तोंडात आलं ते सगळं.

"मंग काय करू?" आत्यांनाही राग चढला. "सकाळी पोरगी रडत आली माझ्यापाशी. तिला वाटलं काय तरी रोग झालाय. पोटात दुखून राहिलंय म्हणत होती. तू तिला काय सांगितलंच न्हाई. मीच जुनं लुगडं फाडून दिलं घडी करून. घोंगडं तू फेकून दिलंस. गार फरशीवर बसवू का लेकराला? हे लोकरीचंच हाय न? लोकरीला चालतंय. धुतलं की झालं, त्याला काय होतंय!"

इतके दिवस जिच्या वासाने या बाईला मळमळत होतं, ती लोकर आज एकदम शुद्ध झाली होती. मला त्यांची किळस आली. त्यांच्या त्या विटाळाची, त्या सरकवलेल्या ताटाची. पण त्यांनी पोरीला जवळ घेतलं होतं, लुगडं फाडलं होतं, खाली काहीतरी मऊ अंथरलं होतं. घाण हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. तो माझा होता.

हे मला तेव्हा कळलं, आणि तरीही मी मंजुश्रीकडे गेले नाही. मी चित्र घेऊन धुण्याच्या दगडावर बसले. ताज्या डागाला गार पाणी लागतं, गरम लागलं की तो पक्का होतो आणि नमदाही आकसतो, हे मला माहीत होतं. एवढं सगळं मला लोकरीबद्दल माहीत होतं. मीठ टाकून, बोटांच्या टोकांनी दाबत, नळाला पाणी यायला अजून तीन दिवस असताना दोन बादल्या ओतत मी डाग काढला. पाऊण तासात गेला. खूणसुद्धा राहिली नाही. उठून आत गेले तेव्हा पोरगी दुसऱ्या कपड्यात आज्जीच्या मांडीवर झोपली होती. देव, सोवळं, विटाळ सगळं विसरून आत्या तिच्या केसांतून हात फिरवत होत्या. मला बघून त्यांनी हात काढला नाही.

संध्याकाळी मंजुश्रीचे बाबा, रामलिंग, दुकानातून आले. सगळं ऐकून म्हणाले, "झालं ते झालं. निघाला न डाग? मग कशाला तोंड पाडून बसलीस?" आणि टीव्ही लावला.

रात्रभर पंख्याखाली चित्र वाळवलं आणि रविवारी पहाटेच्या गाडीने नांदेडला गेले. समोरची भिंत खरंच रिकामी ठेवली होती. लोक येत, थांबत, हात लावून बघत. महामाया मॅडम सगळ्यांना अभिमानाने सांगत होत्या की ह्या नोकरी करतात, घरचं करतात आणि त्यातून हे करतात. एक बाई उन्हाच्या पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "किती माया लावून केलंय हो." मी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले.

परत आल्यावर मी जे आधीच करायला हवं होतं ते सगळं केलं. पॅड आणले, शेजारी बसून समजावलं. यात घाण काही नसतं, हेही म्हणाले. पडवीत कुणी बसायचं नाही, असं आत्यांना बजावलं. मंजुश्रीने सगळं ऐकलं, शाळेत फळ्याकडे बघतात तसं माझ्याकडे बघत. मग मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे."

महिना झाला त्याला. आज ती शाळेतून आली, मी सोफ्यावर वह्या तपासत होते. "ये, बस जरा," म्हणून मी शेजारची उशी थोपटली. साधी सुती उशी, बाजारातून आणलेली. ती दप्तर घेऊन तशीच उभी. उशीकडे बघत होती.

"आई," तिने विचारलं, "हे तू केलेलं तर न्हाई न?"