फेट्याचा मान

"धर नीट. लोंबू दिऊ नगंस," असं म्हणत तात्याबांनी फेट्याचं एक टोक ज्योतीरामच्या हातात कोंबलं. अंगणाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आठ वार केशरी कापड ताणलं गेलं. पलीकडून घड्या घालत तात्याबा हळूहळू पुतण्याच्या दिशेने सरकू लागले.

"तात्या, फेटा राहू द्या. नुसता हार घाला आणि नारळ द्या."

"आन् पाव्हन्याला उघड्या डोक्यानं माघारी धाडू? सातासमुद्रापल्याडनं आलाय त्यो. गाव शेण घालंल तोंडात."

"त्यांच्याकडे डोक्याला बांधायची पद्धत नाही."

"आपल्याकडं हाय न्हवं? मंग झालं तर."

तात्याबांशी वाद घालणं म्हणजे इंद्रायणीच्या पाण्याला उलटं वाहायला सांगणं. ज्योतीरामने टोक पुन्हा ताणून धरलं. फेटा नको म्हणण्याचं कारण त्याला सांगता येण्यासारखं नव्हतंच. ते त्याने सात वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

ज्योतीराम मोशीचा, माळ्याचा पोर. बाप लवकर गेला, त्याला चुलत्याने, तात्याबांनी, वाढवलं. बी.एस्सी. झाल्यावर अमेरिकेत शिकायचं त्याच्या डोक्यात बसलं. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी चार कॉलेजांना पत्रं पाठवली. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्याने दिलं: शेण-गोठ्याचं काम करायची तयारी असेल तर राहणं-जेवण फुकट. ते कॉलेज अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, सरकारने काळ्या लोकांसाठी वेगळं काढलेलं. चार वर्षं तो तिथे राहिला आणि जंतुशास्त्र शिकून परत आला. आता पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, त्याला बरी जागा होती.

गेल्या सप्टेंबरात त्या कॉलेजचं पत्र आलं. कॉलेजला पंचाहत्तर वर्षं होत होती. शिकून नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांचं एक पुस्तक निघणार होतं. त्यात न्यायाधीश होते, शल्यविशारद होते, गावोगावी शाळा काढणाऱ्या दोन बहिणी होत्या. हिंदुस्थानातला एकुलता एक म्हणून ज्योतीरामचाही फोटो आणि अर्ध्या पानाचा मजकूर त्यांना हवा होता. ज्योतीरामने तीनदा कागद पुढे ओढला आणि तीनदा बाजूला सारला. त्या पुस्तकात वॉल्टर गेन्सला दोन पानं होती. वॉल्टरच्या पुस्तकात आपण कुठल्या तोंडाने बसायचं, हे काही त्याला सुचेना.

वॉल्टर त्याचा खोलीतला सोबती. एकोणपन्नास साली दोघं बसने शहरात निघाले होते, सूक्ष्मदर्शकाची काच दुरुस्त करून आणायला. फेटा बांधलेल्या परदेशी माणसाला तिथले गोरे लोक आपल्यात बसू देतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ज्योतीरामने गंमत म्हणून ट्रंकेतला फेटा काढून बांधला. बस आली. ड्रायव्हरने त्याला अदबीने पुढची जागा दाखवली आणि मागोमाग चढणाऱ्या वॉल्टरकडे हनुवटी करून विचारलं, हा तुमच्याबरोबर आहे का?

ज्योतीराम म्हणाला, नाही.

वॉल्टर मागे गेला. मागे जागा नव्हती. दोन तास तो उभा राहिला. परतल्यावर त्याने त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि तेच ज्योतीरामला जास्त खुपत राहिलं. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि आता तोच वॉल्टर, डॉक्टर गेन्स म्हणून, औषधाच्या टाक्यांत भलते जंतू शिरू नयेत हे शिकवायला पिंपरीत आला होता. पाच दिवस ज्योतीरामने त्याला एकट्याने गाठायचं टाळलं. पण कारखान्यातल्या बातमीला मोशीत पोचायला कितीसा वेळ लागतो! तात्याबांनी निरोप धाडला, ज्योत्याचा दोस्त आलाय तर रविवारी आपल्याकडं जेवायला.

मोटार दाराशी थांबली तेव्हा अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. साहेब म्हणजे गोरा, अशी सगळ्यांची खात्री. उतरला तो सहा फूट उंच, चांगला काळाभोर माणूस. साहेब मागे राहिला का, म्हणून दोघांनी मोटारीत वाकून पाहिलं. मग तात्याबांच्या बायकोने, गवराकाकूंनी, दाराआडून निर्वाळा दिला,

"अगं बया, ह्यो तर आपल्यातलाच की! आपल्या सोपानरावापरीस दोन बोटं उजळच हाय."

लोक हसले, सोपानराव सगळ्यात मोठ्याने. पाहुण्याच्या पायावर पाणी घातलं गेलं, त्याला पाटावर बसवलं. बसता बसता वॉल्टरने ज्योतीरामला विचारलं,

"तुझ्यापायी पुस्तक अडलंय. सगळ्यांचं आलं, तुझंच नाही. लिहीत का नाहीस?"

"सांगतो मग," ज्योतीराम म्हणाला.

तात्याबा फेटा घेऊन पुढे झाले. कापड पाहताच वॉल्टरचे डोळे चमकले.

"अरे, हा! याला मी ओळखतो. यांना सांग, या कापडासाठी एका बसच्या ड्रायव्हरने टोपी काढली होती."

चोराच्या मनात चांदणं. हा मुद्दाम टोचतोय, असं ज्योतीरामला वाटलं. वॉल्टर म्हणाला तेवढंच त्याने मराठीत सांगितलं.

"बघा!" तात्याबांनी पहिला फेर वॉल्टरच्या डोक्याभोवती घेतला. "तिकडंबी मान हाय आपल्या फेट्याला. ज्योत्याला पुढं बसवला आसंल?"

"व्हय. अगदी पुढं."

"आन् ह्यो कुठं बसला?"

ज्योतीरामने वॉल्टरकडे पाहिलं. वॉल्टर मान न हलवता, फोटोला बसल्यासारखा बसला होता. त्याला यातलं अक्षर कळत नव्हतं. शेजारी बसला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"तो मागं उभा होता. काळ्या माणसांना तिथं पुढं बसू देत नाहीत. त्यांचा पाण्याचा नळसुद्धा वेगळा असतो."

वेगळ्या नळाचं अंगणात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. एकदोघांनी खाली पाहिलं.

"आरं, पर तू सांगायचं न्हाईस? माझ्यासंगट हाय म्हनून?"

"मला विचारलं होतं, तात्या."

"मंग?"

"मी म्हणालो, नाही."

तात्याबांचे हात थांबले. अर्धा फेटा वॉल्टरच्या डोक्यावर, अर्धा त्यांच्या मुठीत. पुतण्या परदेशातून आला तेव्हा याच अंगणात तात्याबांनी पेढे वाटले होते. आता ते त्याच्याकडे असे बघत होते, की त्यापेक्षा कानाखाली बसलेली परवडली असती. ज्योतीरामला लाज वाटली. पण सात वर्षांत पहिल्यांदा त्याला श्वासही मोकळा घेता आला.

"काय झालं?" वॉल्टरने विचारलं. "तू काय सांगितलंस यांना?"

"खरं ते सांगितलं. ड्रायव्हरने विचारलं तेव्हा मी तुला ओळख दिली नाही, हे. म्हणूनच मजकूर लिहिला नाही मी."

वॉल्टरने अर्धवट फेट्यासकट मान मागे टाकली आणि एवढ्या मोठ्याने हसला, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"त्याने तुला विचारलं? बसमध्ये?"

"म्हणजे तू ऐकलं नव्हतंस?"

"मी तुझ्या मागे माझं तिकीट शोधत होतो खिशात. ऐक. त्याआधी मला विचारलं होतं, तिकिटाच्या खिडकीवर. तू गोऱ्यांच्या नळावर ऐटीत पाणी पीत होतास. खिडकीतला माणूस म्हणाला, तो फेटेवाला तुझ्याबरोबर आहे का? मी म्हणालो, छे, मी नाही ओळखत. कुठला तरी राजा असेल."

ज्योतीरामने पाट ओढला आणि त्याच्यासमोर बसला.

"त्यानंतर तू माझ्याशी धड बोलेनासा झालास," वॉल्टर आता हसत नव्हता. "मला वाटलं, तू ते ऐकलंस. पुस्तकाच्या पत्रालाही तुझं उत्तर आलं नाही तेव्हा खात्रीच झाली. इथं यायचं पत्र हातात पडलं तेव्हा आधी तुझी माफी मागायची असं ठरवलं होतं. पाच दिवस तू मला सापडतच नाहीस!"

"पण तू नाही म्हटलंस ते माझ्यासाठी. मी म्हटलं ते स्वतःसाठी."

वॉल्टरने डोक्यावरचा अर्धा फेटा हाताने सावरला.

"तुझ्यासाठी म्हणालो, असं मी स्वतःला सांगतो. तिथं खिडकीतल्या माणसाचा हात काठीवर होता; हो म्हटलं असतं तर ती तुला बसली असती, नाहीतर मला. खरं काय ते मलाही ठाऊक नाही."

ज्योतीरामचा जीव भांड्यात पडला, आणि पडताना डोळ्यांतून पाणी आलं. ते त्याने बाहीने पुसलं, सगळ्यांसमोर. लपवायचं आता काही उरलं नव्हतं.

"मजकूर लिहिशील?"

"उद्या देतो. तूच घेऊन जा."

"काय म्हनतोय त्यो?" तात्याबांना राहवलं नाही. "आन् हसला कशापायी? शिव्या घालतोय का तुला?"

ज्योतीरामने सगळं सांगितलं. खिडकी, काठी, राजा. त्याला माफी मागायची होती, हेही. तात्याबांनी मुठीतलं कापड झटकलं आणि राहिलेले फेर सावकाश पुरे केले. शेमला पाठीवर सोडला, लांब होऊन एकदा डोळे बारीक करून पाहिलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली,

"गवरे, पानं वाढलीस का?"

"वाढतीया की. पाव्हन्याचं न्यारं मांडलंय पाटावर, रांगोळी घालून."

"ती रांगोळी पूस," तात्याबा म्हणाले. "ह्या दोघान्ला एकाच ताटात वाढ."