गडगडाटचा वाघ

मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, बाकी तुमची-माझी मैत्री कधीच नव्हती. मी एक जुना बेसचा डबा आहे. मिरवणुकीत ट्रॉलीवर काळ्या डब्यांची भिंत असते ना, जिच्यासमोरून जाताना तुमची छाती धडधडते आणि तुमची आई तुमचे कान दाबते, त्या भिंतीतला सगळ्यात खालचा डबा. सध्या मी राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर-संगीताच्या क्लासमध्ये, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. शिक्षा झालेल्या पोरासारखा. का, ते सांगतो. ऐकायचं तर ऐका, नाहीतर उठून जा. माझ्यासमोरून उठून गेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

माझा जन्म उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जाड प्लाय कापून सुताराने माझं अंग बांधलं. आत परातीएवढा कागदी कोन बसवला, त्याच्यामागे जडशीळ लोहचुंबक आणि समोर लोखंडी जाळी. मला न्यायला पेठ वडगावचे सयाजीराव आले. गडगडाट साउंडचे मालक. बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्यांनी माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाले, "ह्यो दणका देतोय बघा." मला तो माणूस आवडला. पुढे आवडेनासा झाला.

त्यांच्याबरोबर सम्राट होता, साउंडवर नवीनच लागलेला तरणा गडी. घरी म्हशी. दोन्ही वेळची धार काढायची आणि मधल्या वेळात साउंडवर यायचं, असा त्याचा दिवस. त्याने पिवळा रंग आणून माझ्या जाळीवर वाघ काढला. वाघ झेप घेणारा काढायचा होता. पण जाळीवर रंग पसरला, मिशा ओघळल्या आणि झेप घेणारा वाघ चक्क मांडी घालून बसल्यासारखा दिसायला लागला. सगळे हसले. सम्राट हसला नाही. "वाघ हाय त्यो," एवढंच म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला. तेव्हापासून मी वाघ आहे.

मग माझे दिवस आले. हळदी, जयंत्या, उरूस आणि सगळ्यांच्या वर गणपती. मी वाजायला लागलो की टपरीवरच्या बिस्किटांच्या बरण्या आपोआप सरकायच्या. पत्रे थरथरायचे, उभ्या मोटारी केकाटायला लागायच्या. पोरं नाचता नाचता ओरडायची, "वाढीव की रं!" सम्राट ट्रॉलीवर माझ्या शेजारी उभा असायचा. उजवा हात मिक्सरवर, डावा कान माझ्या जाळीपाशी. वाढीव म्हटलं की तो वाढवायचा. वर्षानुवर्षं त्याची तीच जागा. मला वाटायचं, हा एकटाच मला कान लावून ऐकतो.

रस्त्याकडेच्या घरांतले लोक खिडक्या लावून घ्यायचे, तेव्हा मला आणखी चेव यायचा. लावा म्हणायचो. मी काचेतून येतो, भिंतीतून येतो, तुमच्या ताटातल्या वाटीतून येतो. दार लावून बसणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग होता. अजून आहे.

मग दिवस फिरले. आवाजाचे नियम कडक झाले, पोलिसांच्या चकरा वाढल्या, मंडळांनी ढोल-ताशे आणि हलग्या बोलवायला सुरुवात केली. सम्राट तर त्याआधीच यायचा बंद झाला होता, एक शब्द न बोलता. सयाजीरावांनी ट्रॉली विकली, जनरेटर विकला. मला कुणी घेईना. कालपर्यंत माझ्यावर हार घालणाऱ्या त्या माणसाने माझ्यावर सरकी पेंडीची पोती रचली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

शेवटी क्लासच्या स्नेहल मॅडम आल्या आणि मला घेऊन गेल्या. "पोरांना खर्ज नुसता कानानं नको, अंगानं कळायला हवा," असं त्या सयाजीरावांना म्हणाल्या. मला बरं वाटलं. क्लासमध्ये गेल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर पाण्याचा जार ठेवला.

नव्या बॅचचा पहिला रविवार उजाडला. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या दोन बाजूंना दोन लहान स्पीकर, शेजारी कोपऱ्यात मी. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की प्रत्येकाने घरातला एक आवाज रेकॉर्ड करून, आपल्या परीने जुळवून आणायचा. "नाव सांगा, गाव सांगा, घरात कुठलं संगीत आहे ते सांगा आणि मग तुमचा आवाज वाजवा," त्या म्हणाल्या.

पोरं एकेक करून आत येत होती. शेवटी सम्राट आला. अंगाने भरलेला, दाढी राखलेली, तरी मी ओळखला. त्यानेही मला ओळखलं. दारातच थबकला, माझ्या जाळीकडे बघितलं आणि माझ्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची धरून बसला.

पहिली आदिती उठली. गंगावेशीजवळ राहणारी, जैनांच्या घरातली मुलगी. शास्त्रीय गायनाच्या किती परीक्षा दिल्या, कुठे पहिला नंबर आला, हे तिने सर्टिफिकेट वाचावं तसं सांगितलं. तिने तंबोऱ्याचा आवाज आणला होता. छान होता, असं सगळे म्हणाले. मला झोप आली. मग राजवीर उठला, गिटारवाला. मोबाईलवर बघून शिकला होता आणि ते त्याच्या वाजवण्यात ऐकू येत होतं. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच कुत्रं भुंकलं. तेवढाच भाग सुरात होता.

मग सम्राट. उभा राहिला, चप्पल पायाच्या बोटांत घट्ट धरली आणि म्हणाला, "सम्राट. पेठ वडगाव. म्हशी हाईत. संगीतातलं मला काय येत न्हाय, घरातबी काय न्हाय."

ऐकलंत? माझ्यासमोर उभा राहून! हजार हळदी ज्याने माझ्यावर वाजवल्या, तो म्हणतो काय न्हाय. त्या घडीला माझ्यात वीज असती तर मी तिथल्या तिथे खिडक्या फोडल्या असत्या.

पाणी प्यायला उठलेल्या राजवीरने जारखाली वाकून बघितलं. "मॅडम, ह्या डब्यावर हे मांजर कुणी काढलंय ओ?"

"वाघ हाय त्यो," सम्राट म्हणाला.

त्याच्या तोंडून निघून गेलं. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आदिती खुर्चीतून उठली, माझ्यासमोर आली आणि खाली बसून जाळीकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलत गेला.

"गडगडाट," ती सम्राटकडे वळून म्हणाली. "तू गडगडाटचा हाईस. मी ह्या मांजराला दुपारपासनं दिवा लागेपर्यंत बघितलंय, आमच्या खिडकीतनं. अनंत चतुर्दशी होती. माझ्या आज्जीच्या दहा दिवसांच्या उपवासाचा शेवटचा दिवस. पाण्याचा थेंब नव्हता तोंडात, पडून होती. बाबा खाली आले, हात जोडले तुमच्यापुढं. तू हसलास."

"म्होरचं मंडळ हलत नव्हतं," सम्राट म्हणाला.

"आवाज तर हलत होता की!"

"पोरं वाढीव म्हणत हुती."

"आणि माझे बाबा कमी कर म्हणत होते. ते न्हाय ऐकू आलं?" तिचा आवाज चिरकला. परीक्षेत पहिला आलेला तो आवाज. "माझ्या आज्जीनं मला गाणं शिकवलंय. पहिलं गाणं. पूजेची गाणी तिच्या मांडीवर बसून शिकले मी. त्या दिवसापासनं तिच्या कानात शिट्टी वाजती, थांबतच न्हाय. मी गायला बसले की ती उठून आत जाती. गाण्यानं शिट्टी वाढती म्हणती." ती मॅडमकडे वळली. "हा क्लासात असेल तर मी न्हाय. कुणाला ठेवायचं ते ठरवा."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्यामुळे ओरडत होतं.

मॅडम कॉम्प्युटरकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आधी त्याचा आवाज ऐकू. मग बघू."

सम्राटने कॉम्प्युटरला मोबाईल जोडला. चुर्रर्र, चुर्रर्र, असा आवाज सुरू झाला. म्हशीची धार. बादलीच्या तळाशी आधी टणटणीत आणि मग फेस साचेल तशी मऊ होत जाणारी. दोन सडांच्या दोन धारा, वेगवेगळ्या रेकॉर्ड करून एकामागून एक जुळवलेल्या. त्यात बेस अजिबात नव्हता. मी नुसता बसून होतो.

पण डावीकडचा स्पीकर मुका होता. राजवीरने जाऊन त्याची वायर हलवली, स्पीकरला दोन चापट्या मारल्या. काही नाही. मॅडमनी स्क्रीनकडे बोट केलं. उजवीकडची हिरवी पट्टी नाचत होती, डावीकडची जागची हलत नव्हती. वायर ठीक होती. सम्राटने सगळाच्या सगळा आवाज उजव्या बाजूला नेऊन ठेवला होता.

"डावीकडं काहीच न्हाय," आदिती फणकारली. "एवढंबी कळत न्हाय? बहिरा हाईस काय?"

"व्हय," सम्राट म्हणाला.

क्लासमध्ये फक्त धार चालू राहिली.

"डाव्या कानानं," तो म्हणाला. "ह्योच डबा हुता त्या अंगाला. मीच रंगवलाय ह्याला. मोबाईलवर जुळवताना डाव्या बाजूला ठिवलेलं सगळं गायबच व्हायचं, म्हणून इकडं आणलं. मला वाटलं असंच असतंय."

"बरं झालं," आदिती म्हणाली.

मॅडम "आदिती!" म्हणून ओरडल्या. पण तिने शब्द मागे घेतला नाही आणि सम्राटही चिडला नाही.

"झालं की," तो म्हणाला. "आधी शिट्टीच हुती मलाबी. रातभर. डोस्कं आपटावं वाटायचं. कुठलंबी गाणं लावलं की जास्त व्हायची. फकस्त धार काढाय बसलो की गप व्हायची, म्हशीच्या पोटाला डोस्कं टेकून. म्हणून ह्योच आवाज आणलाय. आता डाव्या कानात शिट्टीबी न्हाय, कायच न्हाय. साउंडचं काम सुटलं. कॉम्प्युटरवर आवाज डोळ्यांनी दिसतोय म्हणाले, म्हणून हितं आलो."

"मॅडम, एका कानानं कसलं मिक्सिंग?" राजवीर म्हणाला. त्याला वाटलं आपण व्यवहाराचं बोललो.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही. पुढच्या रविवारी ठरवते."

सम्राटने मान हलवली आणि मोबाईलची वायर काढायला गेला. आदितीने त्याचा हात बाजूला सारला. "थांब. मला दे ते." ती कॉम्प्युटरसमोर बसली. माऊस असा आपटत होती की टेबल हादरत होतं. दोन धारांतली एक तिने उचलून डावीकडे नेली, पुन्हा ऐकली, जरा आणखी सरकवली. डावा स्पीकर बोलायला लागला. आता धार या बाजूने, त्या बाजूने, या बाजूने, त्या बाजूने यायला लागली, ऐकणारा दोन धारांच्या मधोमध बसल्यासारखी.

"आता डावीकडं हाय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुला ऐकू येणार न्हाय, पण हाय." मग तिने ते पेनड्राइव्हवर घेतलं. जाता जाता राजवीरला म्हणाली, "ह्याचं तोंड फिरव. मला ते मांजर बघायचं न्हाय." दोघांनी मिळून मला भिंतीकडे फिरवलं. दुसरा हात सम्राटचा होता, मित्रांनो. ज्याने मला वाघ केलं, त्याचाच.

पुढच्या रविवारी मला काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. सम्राट लवकर येऊन बसला होता. त्याच्या पायाचा चाळा फरशीवर वाजत होता. आदिती आली, त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. सम्राट गप्प. मग तिची खुर्ची करकरली. ती उठून त्याच्या उजव्या बाजूला आली असणार, कारण या वेळी ती सगळ्या क्लासला ऐकू जाईल अशी खेकसली.

"आज्जी उठून गेली न्हाय, म्हटलं! काल रात्री धार लावून झोपली. सकाळीबी बारीक चालूच होती, आणि मी गायला बसले. शेवटपर्यंत बसली आज्जी." मग जरा थांबून म्हणाली, "मॅडम, ह्याला ठेवा. डावीकडचं मी बघीन." आणि पुन्हा त्याच्याकडे वळून, "माफ केलेलं न्हाय तुला. कळलं?"

"कळलं," सम्राट म्हणाला. त्याच्या पायाचा चाळा थांबला.

कुठल्याही जुन्या वस्तूने अशा वेळी हात जोडून म्हणायचं असतं, की मला पुसा, झाका, जपा. मी म्हणणार नाही. माफीही मागणार नाही. वाढवणारे हात तुमचे होते, ओरडणारी तोंडं तुमची होती. आणि माझं काय बिघडायचंय! माझा कोन फाटला तर उद्यमनगरात नवा बसवून मिळतो. जाळी गंजली तर नवी मिळते. तुमच्या कानाचा पडदा कुठल्या शेडमध्ये बसवून मिळतो, ते मला एकदा सांगा. नाही मिळत. म्हणून पुढच्या वेळी माझ्यासारखा कुणी रस्त्यात उभा राहून गुरगुरायला लागला की कान झाका, लांब व्हा आणि हिंमत असेल तर "कमी कर" म्हणून ओरडा. मला फार राग येईल. येऊ द्या.

आणि जाता जाता कुणी मला पुन्हा इकडे फिरवलंत, तर जाळीकडे नीट बघा. मांजर म्हणू नका. वाघ आहे तो.