बुधवारचं झाकण

मित्रांनो, मी एक जुना, निळा, सात झाकणांचा गोळ्यांचा डबा आहे. हसू नका! दिसायला तुमच्या कंपासपेटीएवढाच आहे मी, पण माझ्या पोटात एका माणसाचा अख्खा आठवडा मावतो.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात गेलं, थंड झालं आणि माझ्या झाकणांवर सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे वार उमटले. मग बोरीवलीच्या एका औषधांच्या दुकानात मी कंगव्यांच्या शेजारी कितीतरी महिने लटकत राहिलो. शेवटी गंधाली नावाची एक शाळकरी मुलगी मला घरी घेऊन आली. तिच्या शुभाआजीच्या हृदयात नवी झडप बसवली होती. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आजीला रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायची होती. एकही चुकवायची नाही, एकही जास्त नाही. केवढी जबाबदारी! आणि ती माझ्यावर!

दर रविवारी गंधाली मला भरायची आणि टक् टक् करत झाकणं लावायची. आजी आल्यागेल्याला सांगायची, "माझा जीव या डब्यात आहे हो." मी नुसता फुगून जायचो.

यंदा संक्रांतीनंतर समोरच्या वसुधाकाकूंनी हळदीकुंकू केलं. त्या मुलाकडून, अमेरिकेहून, नुकत्याच परतल्या होत्या. आजी घरी आली ती हातात जरीची पोटली घेऊन आणि मागोमाग काकूही. वाण म्हणून चाळणी नाही, डबी नाही, तर जाडजूड तपकिरी कॅप्सूल!

"रेझवेराट्रॉल म्हणतात याला. द्राक्षाच्या सालीतलं सत्त्व. वय थांबतं म्हणे! माझ्याकडे बघ ना."

"बघतेय. केस रंगवलेत, तेवढं दिसतंय," आजी म्हणाली. मग हळूच विचारलं, "माझ्या गोळीबरोबर चालेल ना गं?"

"अगं, द्राक्षं ती! द्राक्षं खाऊन कुणाचं काय बिघडलंय?"

आजीला ते खरं मानायचंच होतं. सोसायटीच्या बायका कान्हेरीच्या लेण्यांना जाणार होत्या आणि तिला म्हणाल्या होत्या, "तुम्ही खालीच बसा हं, आमच्या पर्सा सांभाळा." ते तिला फार लागलं होतं. शिवाय वाणाला नाही कसं म्हणायचं?

त्या रविवारी गंधाली मला भरून गेली आणि आजीने गुपचूप प्रत्येक खणात एकेक कॅप्सूल टाकली. झाकणं लागेनात. आजीने अंगठ्याने दाबली. कट्! माझं बुधवारचं झाकण तडकलं. आजीने वरून रबरबँड लावला.

मला ओरडावंसं वाटलं, "आजी, थांब! डॉक्टरांना विचार!" पण डब्याला कुठला आलाय आवाज?

मग रोज मी बघत राहिलो. दात घासताना आजीची थुंकी गुलाबी होऊ लागली. हातावर निळे डाग उमटले. "बांगड्या भरताना लागलं," ती म्हणाली आणि लांब बाह्यांचा ब्लाउज घातला. बुधवारची कॅप्सूल तर दबून माझ्या तळालाच चिकटली. आजीने पोटलीतून दुसरी घेतली!

पुढच्या रविवारी गंधालीने मला उचललं. "आजी, हा रबरबँड कसला?"

"जुना झालाय गं तो. टाकून दे आणि नवा आण."

टाकून दे? मला? गंधाली मला घेऊन कचऱ्याच्या डब्याशी पोचलीसुद्धा. तेवढ्यात आजी म्हणाली, "गंधू... जरा रुमाल दे."

आजीच्या नाकातून रक्त येत होतं. गंधालीने तिला पुढे वाकवून नाक चिमटीत धरलं. खूप वेळ धरलं. रक्त थांबेना! रुमाल लाल झाला, मग टॉवेल. गंधालीच्या दुसऱ्या मुठीत मी होतो. मूठ इतकी आवळली गेली, की रबरबँड सटकला आणि झाकण उघडलं.

"आजी! हे काय चिकटलंय?"

"वाण आहे गं ते..."

गंधालीने टॉवेल आजीच्या नाकाला लावून तिला खाली नेलं. रिक्षा थांबवली, आजीला बसवलं आणि मलाही सोबत नेलं.

हॉस्पिटलमध्ये आजीच्या डॉक्टर दीप्ती यांनी तपासणी केली. रक्त नको तेवढं पातळ झालं होतं. "या कॅप्सूलनेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुमच्या गोळीबरोबर ही घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि वय थांबण्याचं म्हणाल, तर उंदरांवर वगैरे काही प्रयोग झालेत. माणसांत तसा पक्का पुरावा नाही. मला विचारायचं होतंत ना, आजी!"

रक्त थांबलं. आजी वाचली! पण भेटायला आलेल्या वसुधाकाकू पांढऱ्याफटक पडल्या. "अगं, तिसऱ्या मजल्यावरच्या श्रुतिकाची सासूही तुझीच गोळी घेते. तिलाही दिलंय मी!"

"मग चला ना काकू, परत घेऊन येऊ," गंधाली म्हणाली.

"वाण परत मागायचं? तोंड कसं दाखवू गं मी?"

खाटेवरून आजी म्हणाली, "मागू नकोस, वसुधा. बदलून दे. एवढी द्राक्षांची हौस आहे ना, मग खरी द्राक्षं वाट!"

आणि काकू खरंच दारोदार फिरल्या. आधी तिसऱ्या मजल्यावर. तिथली पोटली अजून देवापुढे तशीच बांधलेली होती.

कान्हेरीला आजी उशिरा गेली, डॉक्टरांना विचारून. अर्ध्याच पायऱ्या चढली, पण पर्स मात्र तिने काकूंच्या गळ्यात अडकवली!

गंधालीने मला टाकलं नाही. मला धुतलं आणि तडकलेल्या झाकणाला चिकटपट्टी लावली. मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. माझी एवढीच विनंती आहे. त्याचं झाकण लागत नसेल, तर अंगठ्याने दाबू नका. आत काय आहे ते उघडून बघा.