मंडपाबाहेरची जवारी

लग्नाचा व्हिडिओ नवरानवरीसाठी करतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी लोह्यातल्या माझ्या स्टुडिओत एक दिवस येऊन बसावं. नवरीच्या आत्याला साडी बदलल्यानंतरचेच शॉट हवे असतात. मामाला स्वतःचा नाच हवा असतो, पण तो मामीला दिसायला नको असतो. आणि नवरीचा बाप वैजनाथरावांसारखा असला, तर त्याला मंडपात शिरतानाची आपली चाल हळू करून हवी असते. हे सगळं मी, दीपमाला, करून देते. कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी प्लगइन आहेत. एक चाल हळू करतं, एक कमी उजेडात काढलेल्या चित्रातली ठिपक्याठिपक्यांची खरखर पुसतं, आणि एक नको असलेला माणूस चित्रातून गायब करतं. शेवटच्याला आमच्या तालुक्यात सगळ्यात जास्त मागणी आहे.

वैजनाथरावांच्या ऋतुजाचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णाराव माझा जिना चढून आले. अण्णाराव म्हणजे वैजनाथरावांचे थोरले भाऊ. त्यांच्या रुसव्याची गोष्ट अख्ख्या लोह्याला माहीत होती, त्यामुळे मलाही होती. आमच्याकडे लग्नात तांदूळ नाही, रंगवलेली जवारी अक्षता म्हणून टाकतात, आणि या घरात ती जवारी नेहमी थोरल्याच्या शेतातून यायची. या वेळी लातूरहून बोलावलेल्या सजावटवाल्यानं वैजनाथरावांना पटवलं, की जवारी डोळ्याला लागते, गुलाबाच्या पाकळ्या व्हिडिओत झकास दिसतात. अण्णारावांनी रंगवून पाठवलेलं टोपलं आल्या पावली परत गेलं. "माझ्या जवारीला मंडप न्हाई, तर मलाबी न्हाई," असं चारचौघांत सांगून अण्णाराव घरी जाऊन बसले. लग्न लागेपर्यंत ते बसूनच होते, असं गाव धरून चाललं होतं.

"तुझ्या कॅमेऱ्यानं मला बघितलंय," खुर्चीच्या टोकावर बसत ते म्हणाले. "त्याचा लाल लाईट माझ्याच तोंडावर व्हता."

"म्हणजे तुम्ही लग्नाला आला होता, काका?"

"लग्नाला कामून येतो मी? मुदखेडला चाललो होतो. जनरेटरपाशी जरा उभा राहिलो, बस. मंडपाच्या भाईर."

"मग झालं की. बाहेरच होता."

"तसं न्हाई, माय. वैजनाथनं बघितलं तर गावभर हसत सांगंल, दादाची जिद एक दिसबी टिकली न्हाई म्हणून. लई बोलून बसलो मी चारचौघांत. मला त्यातून काढून टाक."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका पडला होता, की मला थट्टा सुचेना. काढते म्हणून मी शब्द दिला.

तो शॉटच टाकून दिला असता तर काम संपलं असतं. पण सगळ्या फिल्ममध्ये तसा दुसरा शॉट नव्हता. गोरज मुहूर्त, मंगलाष्टकं संपतात, पाकळ्या उडतात आणि ऋतुजा मान वळवून मंडपाच्या कोपऱ्याकडे बघून हसते. मूळ शॉट डोळ्याची पापणी लवते ना लवते तेवढाच. तो हळू करायचा तर प्लगइन दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच्या मनानं बनवतं, आणि पाकळ्या फार झाल्या की गोंधळून त्यांचा लगदा करतं. तो लगदा निस्तरता निस्तरता मला कोपऱ्यात अण्णाराव सापडले. मुदखेडला निघालेल्या माणसानं कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि नवा फेटा बांधला होता. दोन्ही पाय शपथेप्रमाणे मंडपाच्या कापडी कनातीच्या बाहेर होते. उजवा हात मात्र मंडपात होता. हाताबद्दल त्यांनी चारचौघांत काही सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्याभोवती रेघ ओढली आणि त्यांना पुसलं. त्यांच्या जागी प्लगइननं बेमालूम कनात भरून दिली. मग खरखर साफ केली. चित्र एकदम स्वच्छ झालं आणि आमची नवरी एकदम वेडी दिसायला लागली. काही कारण नसताना तिची पापणी लवत होती, हात कपाळाकडे जात होता, आणि ती रिकाम्या कनातीकडे बघून हसत होती.

म्हणून मी साफसफाई बंद केली आणि तोच शॉट आणखी हळू करून बघितला. पाकळ्यांच्या मधून बारीक लाल-पिवळे दाणे येत होते. एक दाणा ऋतुजाच्या कपाळावर आपटला. प्लगइनला ते दाणे म्हणजे खरखर वाटली होती, म्हणून त्यानं ते झाडून टाकले होते. टोपलं परत आल्यावरही या माणसानं त्यातली मूठभर जवारी खिशात घातली होती. पुतणीच्या डोक्यावर अक्षता पडल्याशिवाय त्याला घरात बसवलं नव्हतं. मला भरून आलं आणि थोडं हसूही आलं.

अण्णारावांनी 'मला काढ' म्हणून सांगितलं होतं. जवारी काढ असं ते म्हणाले नव्हते. मी बाकीचं सगळं चित्र साफ केलं आणि दाणे तेवढे राहू दिले.

ऋतुजा मांडवपरतणीला माहेरी आली, तेव्हा वैजनाथराव तिला घेऊन फिल्म बघायला आले. स्वतःची मंडपातली चाल त्यांनी दोनदा बघितली.

"अजून थोडी हळू न्हाई का होणार?"

"आणखी हळू केली तर तुम्ही मंडपात पोचणारच नाही, काका."

ऋतुजा खुदकन हसली. मग तो शॉट आला. पाकळ्या उडाल्या, दाणे आले, ऋतुजाचा हात कपाळाकडे गेला.

"थांब. मागं घे," वैजनाथराव म्हणाले. मी मागं घेतलं. "ही जवारी कुठून आली? आपण तर पाकळ्याच वाटल्या होत्या."

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले.

"त्या कोपऱ्यात कोण व्हतं?"

"आता तर कुणी दिसत नाही," मी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

"बाबा," ऋतुजा म्हणाली, "मी कनातीला बघून हसले असं वाटतं का तुम्हाला?"

वैजनाथरावांनी लेकीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. पुन्हा एकदा शॉट लावायला सांगितला. "टोपलं मीच परत धाडलं होतं," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला.

"दादा, तू लग्नाला आलता का?"

"मी? न्हाई बा. मी घरीच व्हतो."

मला मुदखेड सांगितलं होतं.

"मग माझ्या लेकीच्या कपाळाला जवारी कुणी मारली?"

फोन कट झाला की काय म्हणून ऋतुजा टेबलावर वाकली.

"लई लागली का रं तिला?" अण्णारावांनी विचारलं.